अर्धा तास थांबलेला ट्रक

मी एक जुना लसींचा डबा आहे. निळं अंग, पांढरं झाकण आणि खांद्याला अडकवायला पट्टा. त्या पट्ट्याचा अर्धा भाग माझा आहे आणि अर्धा एका लुगड्याचा. ते नंतर सांगतो.

मित्रांनो, आधी एक नियम ऐका. माझं झाकण फार वेळ उघडं ठेवायचं नसतं. आतली थंडी निघून जाते. मी आयुष्यभर असाच जगलो, जरासा उघडलो की लगेच मिटलो. त्यामुळे मला सलग बोलायची सवय लागलीच नाही. मी बोलता बोलता एकदम थांबेन. रागावू नका. झाकण पुन्हा उघडलं की पुढचं सांगेन.

हल्ली माझ्या पोटात लसी नसतात. जामखेडच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे. तिथल्या अंगणवाडीच्या कोपऱ्यात मी असतो. पोटात रंगीत ठोकळे आहेत, एका डोळ्याची बाहुली आहे आणि खडूचे तुकडे आहेत. मुलं माझ्यावर बसतात, उभी राहतात, मला ढोलासारखं बडवतात. त्यांतला एकजण रोज ठोकळे काढतो आणि झाकण उघडंच टाकून पळतो. अजूनही माझ्या छातीत धस्स होतं. मग आठवतं, आता आत जपण्यासारखी थंडी उरलेली नाही.

झाकण बंद.

*

उघडलं.

माझा जन्म सुप्याच्या एमआयडीसीत झाला. वितळलेल्या, वाफाळणाऱ्या प्लास्टिकमधून मी बाहेर आलो. पुढे जन्मभर ज्यानं थंडी सांभाळायची, त्याचा जन्म एवढ्या उकाड्यात व्हावा, याची मला गंमत वाटते. मला दोन भिंती दिल्या आणि दोन्हींच्या मध्ये फोम भरला. मला तपासणारी बाई शेजारणीला म्हणाली होती, "ह्याला दोन भिती हायेत. आमच्या घराला एकच हाय, ती बी पावसाळ्यात गळती."

तिथून मी तालुक्याच्या दवाखान्यात आलो आणि विजयमाला सिस्टरांच्या हाताखाली लागलो. गावोगाव जाऊन मुलांना लस टोचायची हे त्यांचं काम आणि त्यांच्याबरोबर जायचं हे माझं. सकाळी त्या बर्फाचे पॅक फ्रीजमधून काढून टेबलावर मांडायच्या. पॅकना घाम सुटू द्यायच्या. मग एकेक पॅक कानाशी धरून हलवायच्या. आत पाण्याचा बारीक आवाज आला, तरच तो माझ्या पोटात जायचा. नाहीतर थांबायचं.

घाईचे लोक म्हणायचे, बर्फ जेवढा कडक तेवढा चांगला, मग थांबायचं कशाला? पण तसं नसतं. लसीला ऊन सोसत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. काही लसींना जादा गारठाही सोसत नाही, त्या गोठल्या की वाया जातात, हे थोड्यांनाच ठाऊक असतं.

मला पाहून जेवढी मुलं रडली, तेवढी वाडीतल्या कुठल्या कुत्र्याला पाहूनही रडली नसतील. आयांचं मात्र तसं नव्हतं. काहीजणी मला पाहून लगबगीनं यायच्या. काहीजणी शेळ्या घेऊन माळावर निघून जायच्या. लिंबाखाली चर्चा चालायची. एक म्हणायची, आमच्या लहानपणी पोलिओनं पाय गेलेली पोरं गावोगाव दिसायची, आता कुठं दिसतात? दुसरी मोबाईल पुढं करायची. त्यात कुणीतरी सांगत असायचं, की लस टोचलेल्या पोरांना पुढं पोरं होत नाहीत. त्यावर सात पोरांची एक आजी म्हणाली होती, "आमच्या वेळंला का न्हाई गं टोचलं?" सगळ्या हसल्या. हसल्या, पण मोबाईलवाली आपलं बाळ घेऊन तशीच घरी गेली.

सिस्टर त्यांच्यावर ओरडल्याचं मला आठवत नाही. त्या फक्त माझं झाकण घट्ट दाबायच्या.

असं.

*

आता त्या दिवसाचं सांगतो.

दसरा झाला की ही वाडी रिकामी व्हायला लागते. माणसं ऊस तोडायला कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोची जोडी जाते, तिला 'एक कोयता' म्हणतात. तिकडं उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, घालायच्या आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं. त्या दिवशी मारुतीच्या पाराजवळ ट्रक उभा होता. त्यात पत्र्याच्या पेट्या चढत होत्या, ताडपत्र्या चढत होत्या, गोणपाटात गुंडाळलेले कोयते चढत होते. एक कोंबडी डालग्याखाली बसून सगळ्यांना शिव्या देत होती.

समोरच्या अंगणवाडीत आम्ही होतो. सिस्टर वाट पाहत होत्या ती ज्योतीची. ज्योतीच्या करणला नुकताच दहावा महिना लागला होता, म्हणजे गोवराची लस द्यायची वेळ झाली होती. आज राहिली तर थेट उन्हाळ्यापर्यंत राहिली. आणि कोप्यांमध्ये मुलं एकमेकांना चिकटून झोपतात. एकाला गोवर निघाला की सगळ्यांना निघतो.

ज्योती आली. पदराखाली बाळ, मागं मागं बघत. तिचा नवरा अजिनाथ ट्रकचं दोरखंड आवळत होता. त्याला तिनं विचारलं होतं, तर तो म्हणाला होता, आई म्हणेल तसं. आईला विचारायची ज्योतीची छाती झाली नव्हती.

सिस्टरांनी माझं झाकण उघडलं. छोटीशी कुपी बाहेर काढली. तेवढ्यात दारात सावली पडली.

"ठिव ती आत," ती सावली म्हणाली. "ज्योते, पोरगं हिकडं दे."

ती रंगुबाई. ज्योतीची सासू. एका हातानं तिनं मोठ्या नातीला, संस्कृतीला, धरलं होतं.

सिस्टरांनी कुपी परत माझ्या पोटात ठेवली.

झाकण बंद.

*

झाकण बंद असलं तरी मला ऐकू येतं, मित्रांनो. दोन भिंतींच्या पलीकडून येतं, थोडं दुरून. म्हणून पुढचं मी बरंचसं ऐकलेलं सांगतोय.

सिस्टर म्हणाल्या, "बसा ना आजी. पाणी घ्या."

"पानी प्याया न्हाई आले." मग कापड सरकल्याचा आवाज झाला. "ही बघ तुमची सुई. बघ डोळं भरून."

तिनं संस्कृतीच्या फ्रॉकचा काठ वर धरला होता. पोरीच्या मांडीवर डाग होता. रंगुबाई सांगू लागली. ही तान्ही असताना, कारखान्यावरच, एक बाई सुई टोचायला आली होती. काही होत नाही, काळजी करू नका, असं म्हणाली आणि पुढच्या कोप्यांकडं गेली. पोरगी तापानं फणफणली. मांडी सुजून दगडासारखी झाली. मग तिथं फोड आला, फोड फुटला, महिनाभर चिघळला. ज्योतीला फडात जावं लागायचं आणि पोरगी कोपीत रंगुबाईच्या मांडीवर कण्हत पडायची.

"काही हुत न्हाई म्हनं," रंगुबाई म्हणाली. "आमच्या पोरीच्या मांडीला इचार."

सिस्टर तो डाग बघत असणार. सुईची खूण त्यांनी आयुष्यभर पाहिलेली. ती तिळाएवढीही राहत नाही. हा डाग तळहाताएवढा होता आणि त्याला कोपरा होता.

त्यांनी हळूच विचारलं, "आजी, सूज आल्यावर काय केलं होतं?"

उत्तर ज्योतीनं दिलं. तिचा आवाज इतका खाली होता की मला कान लावावा लागला. "वीट तापवून शेकली हुती. फडक्यात गुंडाळून."

"मंग काय बघत बसू?" रंगुबाई म्हणाली. "सूज आली की शेकत्यात. माझी आई शेकायची. तिची आई शेकायची."

मित्रांनो, त्या क्षणी एक वाक्य सिस्टरांच्या ओठापर्यंत आलं होतं. त्यांनी श्वास घेतलेला मी ऐकला. सुईनं नाही आजी, तुमच्या विटेनं भाजलंय. एवढंच म्हटलं असतं की त्या जिंकल्या असत्या. पण संस्कृती तिथंच उभी होती. फ्रॉक वर धरून एकदा आजीकडं, एकदा सिस्टरांकडं बघत. सिस्टरांनी तो फ्रॉक हातानं नीट खाली केला.

मग म्हणाल्या, "त्या बाईनं तुम्हाला सांगायला हवं होतं. ताप येईल, मांडी दुखेल, गाठ येईल, आपोआप जाईल, शेकायचं नाही. एवढं सांगितलं असतं तर तुम्ही शेकलंच नसतं."

बाहेर ट्रकनं हॉर्न दिला.

*

उघडलं. जरासं. सिस्टरांनी पॅक अजून गार आहेत का ते पाहिलं. तेवढ्यात मला रंगुबाईचा चेहरा दिसला. ती आता भांडत नव्हती. खाली बसली होती.

ती सांगत होती ते मी जन्मात विसरणार नाही. तिचा पहिला मुलगा फडातच गेला होता. गोवरानं. त्याच्या अंगाखाली लिंबाचा पाला अंथरला, कोपीत फोडणी बंद केली, देवीला निवद दाखवला. तरी गेला.

"ती देवी हुती," रंगुबाई म्हणाली. "तिनं नेला. मी लई रडले, पन रातच्याला मला झोप लागायची. का? तर तिनं मला इचारलं न्हवतं. तू इचारतीस, बाई. टोचू का म्हनतीस. म्या व्हय म्हनले आन ह्याला काय झालं, तर त्यो हात माझा हुतो. मंग मला झोप लागंल का?"

मी अनेक वस्त्या फिरलो आहे. लसीवरचे वाद पुष्कळ ऐकले. मोबाईलमधले, पारावरचे, शिकलेल्यांचे, न शिकलेल्यांचे. पण मुळाशी असलेली भीती इतक्या साध्या शब्दांत मी त्याआधी ऐकली नव्हती.

पुन्हा हॉर्न. कानिफनाथ मुकादम दारात येऊन उभा राहिला. ट्रक त्याच्या ताब्यात होता आणि टोळी दिवस मावळायच्या आत घाटापलीकडं न्यायची होती. तो म्हणाला, "ओ बाई, टोचायचं तर टोचा, न्हाईतर सोडा. काही हुत न्हाई म्हनून सांगा आन मोकळ्या व्हा."

सिस्टरांनी झाकण दाबलं.

*

बंद.

"मी तसं सांगणार नाही," सिस्टर म्हणाल्या. मुकादमाला नाही, रंगुबाईला. "आजी, ऐका. आज त्याचा दंड दुखेल. आठ-दहा दिवसांनी, म्हणजे तुम्ही कोपीत असाल तेव्हा, ताप येऊ शकतो. अंगावर बारीक पुरळही उठेल कदाचित. दोन-तीन दिवसांत जाईल. तापाचं औषध मी देते, किती द्यायचं ते दाखवते. पोर सुस्त पडलं, दूध सोडलं, झटका आला, तर मला फोन करत बसायचं नाही. आधी दवाखाना गाठायचा. आणि लाखात एखाद्या बाळाला टोचल्या टोचल्याच त्रास होतो. त्याचं औषध माझ्याजवळ आहे, पण त्यासाठी टोचल्यावर अर्धा तास इथं माझ्यासमोर बसावं लागेल. ही एक बाजू. दुसरी बाजू मी काय सांगू? ती तुम्ही पाहिलीय."

ज्योती रडत होती. मला वाटलं, संपलं. फडात ताप येणार हे ऐकल्यावर कोण हो म्हणेल? ताप आला की ज्योतीचा खाडा होणार, मुकादमाची बोलणी बसणार, दवाखाना कुठल्या कुठं. 'काही होत नाही' या तीन शब्दांत सगळं सोपं झालं असतं. माझ्या पोटातली कुपी परत जाणार, असं मी मनाशी धरलं.

"अर्धा तास?" मुकादम म्हणाला. "ट्रक हाय का माझ्या मामाची बैलगाडी?"

"आरं कानिफा," रंगुबाई म्हणाली, "तुझ्या बारशाला उशीर झाला तवा समदी वाडी घुगऱ्यांसाठी दुपारपातूर उपाशी बसली हुती. मी बी हुते. तू बस आता अर्धा तास."

मुकादमानं बाहेर जाऊन काहीतरी सांगितलं असावं, कारण ट्रकचं इंजिन बंद झालं. एवढा वेळ ते चालू होतं, हे ते बंद झाल्यावर सगळ्यांना कळलं.

मग रंगुबाईचा आवाज आला. "भ्या घातलंस बाई. पन खरं बोललीस. ज्योते, दे पोरगं माझ्यापाशी. हात माझा हुयाचाच हाय, तर धरते तरी नीट."

झाकण उघडलं. एका बाळासाठी आख्खी कुपी फोडली. तसा नियमच आहे, बाकीची वाया गेली तरी चालेल, बाळ जायला नको. रंगुबाईनं करणला मांडीवर घेतलं, त्याचा दंड आपल्या सुरकुतलेल्या मुठीत धरला आणि तोंड फिरवलं नाही. करण असा रडला की बाहेरची कोंबडी गप्प झाली.

*

तो अर्धा तास.

त्यात काही घडलं नाही, मित्रांनो. म्हणूनच तो मला सगळ्यात जास्त आठवतो.

काही मी ऐकलं, काही सिस्टर नंतर सांगायच्या: माणसं ट्रकमधून खाली उतरली. कुणी तंबाखू मळली. अजिनाथनं आवळलेलं दोरखंड सोडून पुन्हा आवळलं. मुकादम घड्याळाकडं बघायचा आणि मग खिडकीतून हळूच बाळाकडं बघायचा. ट्रकमधून एक बाई आपली मुलगी घेऊन उतरली आणि सिस्टरांच्या पुढ्यात येऊन बसली. त्याच कुपीतून त्या मुलीलाही टोचलं, आणि तिच्यासाठी अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. मुकादमानं कपाळावर हात मारला, पण इंजिन चालू केलं नाही. दुसऱ्या एकीनं आपल्या बाळाचं टोपरं घट्ट बांधलं आणि ती वरच बसून राहिली. सिस्टरांनी तिच्याकडं दोनदा पाहिलं. ती आली नाही.

करण झोपला. रंगुबाईनं त्याच्या पोटावर हात ठेवला होता. श्वासाबरोबर तो हात वर जायचा, खाली यायचा. तिनं तो उचलला नाही.

वेळ भरली. सिस्टर मला उचलून बाहेर निघाल्या, तोच माझा पट्टा तुटला. कधीचा झिजला होता. मी उंबऱ्यावर आपटणार एवढ्यात रंगुबाईनं मला गुडघ्यावर झेललं. मग तिनं ट्रकमधल्या आपल्या पेटीतून एक जुनं लुगडं काढलं, करणच्या गोधडीसाठी राखलेलं. टर्रकन पट्टी फाडली आणि माझ्या पट्ट्याला अशी गाठ मारली की ती आजतागायत सुटलेली नाही.

"पाडू नगो ह्येला," ती म्हणाली. "ह्येच्या पोटात आमच्यासारख्यांची पोरं असत्यात."

ट्रक गेला. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला.

*

पुढं माझं झाकण सैल झालं. थंडी टिकेना. नवे डबे आले. मी आधी फडताळाच्या वर गेलो, मग फडताळाच्या मागं. उंदरांनी माझा फोम कुरतडला. एकदा कुणाच्या तरी लग्नात माझ्यात पाण्याच्या बाटल्या भरायचं चाललं होतं. सिस्टरांनी मला तिथून ओढून आणलं आणि या अंगणवाडीत ठेवलं. इथं ठोकळे मिळाले. माझी तक्रार नाही.

पण मधलं राहिलंच. बघा, सांगितलं होतं ना, मला सलग सांगता येत नाही.

ट्रक गेल्यानंतर सिस्टर रोज मोबाईल हाताशी ठेवायच्या. त्या खरं बोलल्या होत्या आणि आता ते खरं तिकडं फडात, त्यांच्या हाताच्या बाहेर, घडणार होतं. एका वस्तीवर लसीकरण चालू होतं. माझं झाकण नुकतंच लावलं होतं. फोन वाजला.

"बाई, आला गं ताप." रंगुबाईचा आवाज. मागं पाचटाची सळसळ होती. "तू म्हनल्यापरमानं. बारीक पुरळ बी हाय."

सिस्टरांनी विचारलं, दूध पितो का? पितो, हसतो बी मधीच. सुस्त आहे का? न्हाई. औषध दिलं का? दिलं, दाखवलं हुतं तेवढंच. ज्योती आज फडात गेली नाही, अजिनाथनंच तिला घरी राहा म्हणून सांगितलं. मुकादम येऊन बघून गेला. जाताना बिस्किटाचा पुडा ठेवून गेला.

मग सिस्टर थांबल्या. त्यांना आणखी एक विचारायचं होतं, आणि ते कसं विचारावं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी दुसरंच विचारलं.

"आजी, तुम्हाला झोप लागते का?"

मग रंगुबाई म्हणाली,

"लागती की. ती वीट चुलीपासून उचलली आन उशाला घेतली. गार हाय."

सिस्टर किती तरी वेळ माझ्या झाकणावर हात ठेवून बसल्या. तो हात गरम होता. आणि मित्रांनो, त्या एका वेळी थोडी थंडी गेली तरी चालेल, असं मला वाटलं.

*

आता ऊन कलतंय. अंगणवाडी सुटायची वेळ झाली.

तुमच्या घरी धाकटं भावंड असेल. त्याला कधी सुई टोचायला नेतील. तेव्हा त्याला खोटं सांगू नका, की दुखणार नाही. दुखेल म्हणा, आणि हात धरा. मोठ्या माणसांना जे भीतीचं वाटतं ते नीट विचारू द्या, त्यांना हसू नका. आणि अर्धा तास थांबायचा कंटाळा करू नका. कुणासाठी थांबणं ही लहान गोष्ट नाही. एका ट्रकभर माणसांनी ती केलेली मी पाहिली आहे.

तो बघा, झाकण उघडं टाकून पळणारा परत आला. बाहुली विसरला होता. उजव्या दंडावर सुईची खूण शोधलीत तर सापडणार नाही. त्याची आजी दारात उभी आहे. "करन, झाकन लाव रं त्येचं," ती म्हणते.

तो लावतो.